दारापुढची लाल-पांढरी पट्टी

लग्न ठरलं तेव्हा मी नवऱ्याला विचारलं होतं, "तुम्ही मिलमध्ये नेमकं करता काय?" तर ते म्हणाले, "लोकांना थांबवतो." मला वाटलं, वॉचमन निघाले की काय! बाबांनी तर मुलगा सुरतला साहेब आहे म्हणून सांगितलं होतं.

साहेबच होते तसे. पलसाण्याला कापड रंगवायची मिल होती, तिथे ते सुरक्षा अधिकारी होते. जिथे माणूस पडेल, भाजेल किंवा ओढला जाईल अशा जागेभोवती प्लॅस्टिकची पट्टी बांधायची आणि कोणी ती ओलांडत नाही ना, हे बघत दिवसभर फिरायचं. त्या पट्ट्यांची रिळं मुंबईहून यायची आणि सुरतेत तेव्हा ती वस्तू कोणाला फारशी माहीत नव्हती. मला मात्र लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात तिचे सगळे अर्थ तोंडपाठ झाले, कारण जेवताना आमच्याकडे दुसरा विषयच नसे. पिवळी-काळी म्हणजे जा, पण पाहून जा. ओली फरशी, डोक्याला लागेल असा पाइप. लाल-पांढरी म्हणजे जायचंच नाही. उकळत्या पाण्याचं गटार उघडं आहे, वर वेल्डिंग चालू आहे. आणि हिरवी-पांढरी म्हणजे इथे धोका नाही, इथे औषधाची पेटी आहे, पळायची वेळ आली तर इथे येऊन जमा. ही हिरवी त्यांनी फक्त कॅटलॉगमध्ये पाहिली होती. शेठ म्हणाले होते, जिथे धोकाच नाही तिथे पट्टी कशाला लागते?

"आणि लोक ऐकतात का?" मी विचारायची.

"नाही ना," ते वरण ओरपत म्हणायचे. "लालच्या खालून वाकून जातात. टॉवेल वाळत घालतात तिच्यावर. एक जण तर तिनेच सायकलच्या कॅरिअरला डबा बांधून घेऊन आला. वर मलाच म्हणतो, साहेब, पट्टी भारी मजबूत शे."

तो कामगार खानदेशातला, म्हणून ते 'शे' त्याच्यासारखं म्हणून दाखवायचे. मला हसू यायचं, त्यांना यायचं नाही. पट्टी कोणी मानत नाही याचं त्यांना खरोखरच वाईट वाटे. आणि गंमत म्हणजे आमच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी तीच होती, लाल-पांढरी. उरलेलं रीळ त्यांनीच घरी आणलेलं होतं.

सुरतेत पर्वत पाटिया भागात चार मजली इमारतीत आमचं घर होतं, सगळ्यांत वरच्या मजल्यावर. आमच्या दारासमोरून सहा-सात पायऱ्या चढल्या की गच्ची. शेजार गुजराती आणि मारवाडी, कापडाच्या व्यापारातली माणसं. माणसं वाईट नव्हती. जिन्यात भेटली की हसायची. पण ते हसू जिन्यातच संपायचं. सकाळी साडेसातला हे कंपनीच्या बसने गेले की संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कुकर आणि रेडिओ. अमरावतीला मी शाळेत शिकवत होते. चाळीस मुलं एका वेळी बाई बाई करत, आणि मी त्यांच्यावर ओरडून ओरडून घसा बसवून घरी येई. इथे माझा आवाज दिवसदिवस वापरलाच जात नसे. एकदा दुपारी टपालवाला खालीच पत्र टाकून गेला तर मला रडू आलं. इतकी गत झाली होती.

त्यात डिसेंबरात शाळेचं कळलं. माझ्या जागेवर आलेल्या बाई सोडून चालल्या होत्या, आणि मुख्याध्यापिकाबाईंना जानेवारी संपायच्या आत हो किंवा नाही हवं होतं. मी ह्यांना विचारलं. ते बराच वेळ ताटातल्या भातात रेघा ओढत बसले, आणि मग मिलमध्ये सूचना द्यावी तशा आवाजात म्हणाले, "संक्रांतीपर्यंत बघ. चार बायका ओळखीच्या झाल्या तर राहा. नाही तर जा तू. मी येत-जात जाईन."

मला इतका राग आला. 'जाऊ नकोस' असं एकदा म्हणायला काय जीभ झडते? पण नाही म्हणाले. मग मीही ठरवलं, ठीक आहे, संक्रांतीला बघूच. लग्नानंतरची पहिलीच संक्रांत होती. हळदीकुंकू करायचं, सबंध इमारत बोलवायची, आणि जे काय व्हायचं ते होऊ दे. आईने अमरावतीहून हलव्याचे दागिने पाठवले. वाण म्हणून लुटायला मी स्टीलच्या वाट्या आणल्या. आठवडाभर आधी मोडक्या हिंदीत प्रत्येक दार वाजवून आमंत्रण केलं. "हा हा, आवशुं," सगळ्या म्हणाल्या. येऊ म्हणाल्या.

संक्रांत म्हणजे सुरतेत उत्तरायण, पतंगांचा दिवस. सकाळपासून अख्खी इमारत गच्चीवर. वर भोंगा, पिपाण्या, पतंग कापला की आरडाओरडा, दुपारी उंधियुचे डबे आणि जिलबी. हे मला ठाऊक होतं, आणि त्यावरच माझा सगळा हिशेब होता. गच्चीवरून खाली उतरायला आमच्या दारावरूनच जावं लागतं. संध्याकाळी अंधारलं की बायका उतरणार, आणि उतरल्या की माझ्याच दारात येणार! मी स्वतःवर फार खूश होते.

अडचण होती ती रांगोळीची. दुपारी दीडदोन तास बसून मी दारापुढे ठिपक्यांची मोठी रांगोळी काढली, आणि पोरांची पहिली टोळी फिरकी घेऊन तिच्यावरून धडधडत गेली. पुन्हा काढली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा काढली आणि गॅलरीतली पट्टी सोडून आणली. कठड्याच्या दोन गजांना, दाराच्या चौकटीला आणि खिडकीच्या गजाला बांधून छान चौकोन केला. अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. पण तो मिलमधला अर्थ, आणि तिथेही त्याला कोणी विचारत नाही. शिवाय लाल-पांढरा रंग रांगोळीला शोभून दिसत होता. बायका आल्या की मी पट्टी वर धरीन, असं म्हणून मी आत तयार व्हायला गेले.

काळी चंद्रकळा नेसले. गळ्यात, हातात, कानात हलव्याचे दागिने. तबकात हळद, कुंकू, अत्तरदाणी, तिळगूळ. मग दार उघडं टाकून खुर्चीत बसले.

दिवेलागणीला पावलं वाजायला लागली. चपला, बांगड्या, गप्पा. पावलं आमच्या मजल्यावर यायची, गप्पा एकदम थांबायच्या, आणि थोड्या वेळाने खालच्या जिन्यात पुन्हा सुरू व्हायच्या. पहिल्यांदा वाटलं, हातपाय धुऊन येतील. दुसऱ्यांदा उठून दाराशी गेले, तर दोघी भिंतीला अंग चिकटवून, पदर सावरून उतरत होत्या. मला पाहून हसल्या आणि वेग वाढवला. "मम्मी, अहीं शुं थयुं छे?" इथे काय झालंय, असं एक लहान पोरगी विचारत होती, तर आईने तिला दंडाला धरून ओढलं. मी "आइए ना" म्हणाले, पण वरचा भोंगा इतका मोठा होता की माझं मलाच ऐकू आलं नाही.

मग मी परत खुर्चीत जाऊन बसले. एकेक घर उतरून गेलं. अख्ख्या इमारतीने मला नाकारलं असंच मला वाटलं, आणि आता लपवण्यात काय अर्थ आहे, मला त्या बायकांचा, त्या शहराचा आणि त्या दागिन्यांचासुद्धा तिटकारा आला. हलवा घामाने चिकट होऊन मानेला टोचत होता.

मिलला सुट्टी होती तरी देखभालीचं काम चालू म्हणून हे गेले होते. आले तेव्हा मी तशीच बसले होते. हे पट्टीच्या बाहेर उभे राहिले. रांगोळीकडे पाहिलं. एक ठिपकासुद्धा फिसकटलेला नव्हता. आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू!

"कोणीच ओलांडली नाही?" ते म्हणाले. "एकानेही?"

"नाही," मी म्हणाले.

"वा!" ते म्हणाले. आणि मग त्यांची नजर माझ्याकडे गेली, मग तबकाकडे, मग भरलेल्या वाट्यांकडे. "अगं, पण हे तू काय करून राहिली? ही लाल आहे ना!"

त्यानंतर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मिल, पट्टी, सुरत, त्यांचं मुखदुर्बळ घराणं, सगळं त्यात आलं. ते पट्टी सोडत होते. गाठी मी घट्ट मारल्या होत्या, सुटायला वेळ लागला. शेवटी मी म्हणाले, "उद्या शाळेला हो म्हणून कळवा." ते म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा शिळा दिवस, पण धुमाकूळ तोच. चारच्या सुमारास हे इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. तार करायला गेले असतील असं वाटलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून त्यांचा आवाज आला. बेल वाजवून ते कोणाला तरी सांगत होते, "बेन, वो मेरे मिसेस का हळदीकुंकू है. कल गलती से पट्टी बांधी थी. आज नहीं है. आप आओ." मग त्याच्या खालच्या मजल्यावर तेच. मग आणखी खाली. हळदीकुंकवाचं आमंत्रण करत पुरुषमाणूस फिरतोय हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी घाईघाईने तोंड धुतलं आणि पुन्हा काळी साडी नेसले.

तिघी आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, कुंकू लावून घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला. काळी साडी का, असं एकीने विचारलं, मी समजावलं, तिला पटलं नाही. वाट्या फार छान आहेत म्हणाल्या. त्यानंतर आम्हा चौघींकडे बोलायला काहीही उरलं नाही. पंख्याचा आवाज ऐकत बसलो. आदल्या दिवशी निदान पट्टीला दोष देता येत होता. आज दार उघडं होतं, माणसं समोर होती, आणि मला कालच्यापेक्षा एकटं वाटत होतं.

तिघींतली वयस्क, दुसऱ्या मजल्यावरची, निघताना दारात थांबली. "अमने एम के घरमां कोई मांदुं हशे, दवा छांटी हशे," ती म्हणाली. घरात कोणी आजारी असेल, औषध मारलं असेल असं त्यांना वाटलं होतं. पावसाळ्यानंतर सुरतेत प्लेगची साथ आली होती, तिची धास्ती अजून गेली नव्हती, त्यामुळे तिचंही खरंच होतं. मग आवाज खाली करून तिने हिंदीत सांगितलं, "तुम्हारे साहब तीन साल से यहां हैं. आज पहली बार आवाज सुनी. हम तो समझते थे, बोल नहीं पाते."

ती गेली. मी दारातच उभी राहिले. तीन वर्षं! माझे सहा महिने मी दिवसागणिक मोजून त्यांच्या पदरात टाकले होते, आणि माझ्याआधीची त्यांची वर्षं माझ्या डोक्यातही आली नव्हती.

हे आतल्या खोलीत टेबलावरच्या वाट्या एकात एक घालत होते.

"अहो, मी यायच्या आधी संक्रांतीला काय करायचे तुम्ही?"

"काही नाही. सुट्टी असली की पडून राहायचो."

"वर गच्चीवर?"

"नाही गेलो कधी."

"का?"

त्यांनी जरा विचार केला, जणू हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता. "कोणी बोलावलं नाही ना," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातल्या वाट्या खाली ठेवल्या आणि म्हणाले, "चला." ते चप्पल शोधत राहिले, मी म्हणाले राहू द्या, आणि आम्ही अनवाणीच चढलो. गच्ची माणसांनी भरली होती. कोणी आमच्याकडे वळून पाहिलं नाही, कोणी जागाही केली नाही. पाण्याच्या टाकीपाशी कोपरा मोकळा होता, तिथे जाऊन उभे राहिलो. हे मान वर करून पतंग बघत होते, तोंड उघडं ठेवून. केसांत थोडी पांढरी रेघ होती, ती मी त्या दिवशी पाहिली.

"शाळेला नाही म्हणून कळवा," मी म्हणाले.

"तिथे तुला माणसं आहेत," ते वरच बघत म्हणाले.

"आहेत. तुम्हाला इथे कोण आहे?"

त्यांनी मग खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसला, माझ्याकडे न बघता घसा साफ केला आणि म्हणाले, "थँक यू."

ऑफिसात कोणी फाइल आणून दिली की म्हणतात ना, तसं. सख्ख्या बायकोला! आदल्या दिवशी संध्याकाळभर मी एक टिपूस काढलं नव्हतं. ते सगळं मी तिथे टाकीला टेकून रडले, आणि भोंग्यामुळे ते ह्यांच्याशिवाय कोणालाही ऐकू गेलं नाही.