वॉरंटी बिलापासून की दसऱ्यापासून?

गल्लीकरांनो, आज चौकातल्या फळ्यावर सुविचार नाही, थेट आमचा टीव्ही!

एवढा महागाचा रंगीत टीव्ही सकाळी बंद पडला. सांगलीच्या पेठेतला दुकानदार म्हणाला, "बिलाला वर्ष उलटून चार दिवस झाले. वॉरंटी संपली."

मी निघालोच होतो, पण आई हलेना. "आवं, बिल पितृपक्षातलं हाय. तवा नवी वस्तू घरात कशी आणायची? दसऱ्यापतोर टीव्ही तुमच्याच दुकानात हुता की!"

तिनं वॉरंटी कार्ड पुढं केलं. 'घरी बसवल्यापासून एक वर्ष' असं छापलेलं, आणि खाली दुकानदाराच्याच अक्षरात गेल्या दसऱ्याची तारीख!

दुपारी मेकॅनिक आला आणि फुकटात चित्र दिसलं!

आपल्या गल्लीत त्याच दुकानातून असेच दसऱ्याला घरी आणलेले आणखी पाच टीव्ही आहेत. कुठला कुरकुरतोय? तुमचं कार्ड कुठाय? वॉरंटीचे अजून दहा दिवस हातात आहेत!