चष्मा धरणारा

“धरा जरा सर. चष्मा असला की गाणं लई शानं हुतंय.”

असे म्हणून तो चष्मा काढी, माझ्या हातात देई आणि डोळे मिटून नवे गाणे म्हणू लागे. आमच्या शाळेच्या कार्यालयात तो लिपिक होता. मी तिथेच मराठी शिकवीत असे. मधल्या सुट्टीत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे ऐकायला जमत. चष्मा मात्र नेहमी माझ्याकडे. तुम्हांपैकी ज्यांनी त्याला रंगमंचावरच पाहिले, त्यांना हे ठाऊक नसेल.

राहायला तो बेळगावच्या वडगावात. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे की काय, त्याचा ठेका कधी चुकत नसे. हौशी नाटकमंडळींसाठी तो गाणी लिही आणि नाटकात मिळेल ते काम करी. निपाणीच्या एका प्रयोगात तो हवालदार झाला होता. ऐन वेळी संवाद विसरला, तेव्हा चोराची कॉलर धरून त्याने तिथल्या तिथे दोन ओळी रचल्या आणि गायल्या. चोरालाच हसू फुटले. प्रेक्षकांनी ‘पुन्हा’ म्हणून गिल्ला केला, तसे त्याने चोराला सोडून परत पकडले. सकाळी बसस्थानकावरचा चहावाला कप विसळताना त्याच ओळी गुणगुणत होता. माझा चहा गार झाला. सगळी वृत्ते मला पाठ होती. पण कप विसळताना कोणाच्या ओठी यावी, अशी एक ओळ माझ्या हातून उतरली नव्हती.

निवृत्तीनंतर धीर करून मी एक गाणे लिहिले. त्याने ते चष्मा काढून म्हणावे, एवढीच माझी इच्छा होती. टिळकवाडीतल्या माझ्या घरी बसून त्याने ते वाचले. चष्मा नाकावरच राहिला.

“ब्येस हाय सर. पण ‘मी आलो होतो दारी’ म्हणस्तवर आलेला माणूस परत जातोय की ओ! ‘आलतो’ करा.”

“‘आलतो’ हे रूप अशुद्ध आहे.”

“मग ऱ्हाऊ द्या शुद्ध माणसाला दारातच उभा!” तो हसला आणि कागदाची घडी करून त्याने माझ्या हाती दिली.

पुढे त्याला मालिकांत कामे मिळू लागली. कधी आजोबा, कधी सरपंच. त्याने बेळगाव सोडले. निघण्याआधी तो घरी येऊन गेला, तेव्हा मी नेमका खडेबाजारात गेलो होतो.

“काही निरोप?” मी पत्नीला विचारले.

“म्हणाले, ‘वैनी, आलतो म्हणून सांगा.’”

तीन अक्षरांत त्याने येणे आणि जाणे दोन्ही उरकले होते. मला त्याचाही हेवा वाटला.

गेल्या वर्षी तो तिकडेच वारला. परवा त्याच्या मालिकेचा जुना भाग लागला होता. त्यातले आजोबा गाणे म्हणणार होते. त्याने चष्मा काढला आणि शेजारच्या तरण्या नटापुढे धरला. “धर जरा.” माझा हात खुर्चीवरून उचलला गेला. त्या नटाने चष्मा घेतला आणि न पाहताच टेबलावर उपडा ठेवून दिला.

“काचांवर नाही ठेवायचा,” मी पडद्याला म्हणालो.