नेव्हिलची बागकामाची रजा

दुसऱ्या पुलाखालून बाहेर पडलो तशी नेव्हिल टस्टेनने बाजू बदलली. मला कालव्याच्या कडेला केलं आणि स्वतः झुडपांच्या बाजूने चालू लागला. पुढे काठावर एक माणूस गळ टाकून बसला होता.

"त्याच्याकडे बघू नका, मिसेस के," नेव्हिल पुटपुटला. माझं केळुसकर हे आडनाव त्याच्या जिभेला कधी जमलंच नाही. "सोमवारपासून बसलाय. एक मासा लागलेला नाही."

"तुम्ही तरी इतक्या महिन्यांत एक मुळा पिकवलात का?"

"मला कागदावर माळी केलंय. मुळा पिकवायची अट नाही त्यात."

आमच्या भागात घरटी एक माणूस शर्यतीच्या गाड्यांच्या कामाला आहे. एक टीम सोडून दुसरीकडे जाणाऱ्याला जुनी टीम पगार देऊन काही महिने घरी बसवते. त्याच्या डोक्यातली गुपितं तोवर शिळी व्हावीत, हा हेतू. याला इथे बागकामाची रजा म्हणतात. नेव्हिल इंजिनाचा धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांचं वेल्डिंग करायचा. सगळं आयुष्य एकाच टीमकडे गेलं. साठीला टेकल्यावर त्याने नव्या टीमचं काम धरलं. ग्रां प्री शर्यतीसाठीची तिची पहिलीच गाडी तयार होत होती. मी त्याच नव्या टीमच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते. रजा संपायच्या आत नेव्हिलने आमच्या फाटकात पाऊल टाकलं असतं, तर जुन्यांनी त्याला कोर्टात खेचलं असतं आणि नवं कामही गेलं असतं. तो गळवाला जुन्यांनीच पाळतीवर बसवलाय, अशी नेव्हिलची खात्री होती.

नवरा गेल्यापासून दुपारचं फिरायला मला त्याचीच सोबत होती. पण गेल्या आठवड्यात त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज किती ताटं वाढलीत?" माझ्या मनात पाल चुकचुकली. मी निम्मीच सांगितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाहेर काही बोलू नका, असं आम्हाला साहेबांनी बजावलेलं. ताटं वाढली म्हणजे माणसं वाढली, आणि माणसं वाढली म्हणजे गाडी तयार होत आली, एवढं मलाही कळतं. हा माणूस दोन्ही डगरींवर हात ठेवून तर नाही? सकाळी शेगडी पेटवताना अन्नपूर्णेला हात जोडले, तेव्हाही तेच डोक्यात होतं.

गळवाला मागे पडल्यावर मी सरळच विचारलं, "नेव्हिल, ताटं कुणासाठी मोजता?"

तो थांबला. कानापर्यंत लाल झाला.

"तुम्हालाही मी हेर वाटलो तर!"

"वाटलात. खोटं कशाला बोलू?"

"राजीनामा दिला त्या दिवशी जुन्या टीमच्या दोघांनी मला फाटकापर्यंत सोडलं. माझा चहाचा मग उलटा करून बघितला हो! आत काय, गाडी लपवणार होतो मी?" तो पुन्हा चालू लागला. "तुमची नवी गाडी उभी राहतेय की नाही, एवढंच मला कळणार होतं ताटांवरून. तुम्ही इतकी कमी ताटं सांगितलीत तेव्हा वाटलं, पैसा संपला. बंद पडणार हे दुकान."

मला वाईट वाटलं. तरी खरा आकडा मी सांगितला नाही.

मागे पाणी खळबळलं. गळवाल्याने चांगला वीतभर मासा वर काढला होता आणि आमच्याकडे बघून हात हलवत होता.

"बघा," मी म्हटलं, "बिचारा खरंच मासे धरतोय."

"घरून आणला असेल," नेव्हिल म्हणाला.

आम्ही नव्या टीमच्या वर्कशॉपच्या मागच्या बाजूला आलो. मध्ये कालवा, पलीकडे माझ्या कँटीनचं हिरवं दार. नेव्हिल भिंतीकडे पाहत राहिला. आतल्या गाडीला बसवलेल्या नळ्या दुसऱ्या कुणाच्या हातच्या होत्या.

"पहिल्यांदा इंजिन चालू करतात ना, ते एकदाच होतं," तो म्हणाला. "नंतरचा आवाज मग रोजचाच. मी आत यायचं नाही, गाडी बघायची नाही, कुणाला विचारायचं नाही, या सगळ्यावर सही केलीय मी. ऐकायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नाही."

इंजिन चालू करायचा दिवस मला माहीत होता.

"दिवस सांगू नका, मिसेस के. मला नकोच कळायला. फक्त त्या वेळी ते दार उघडं ठेवाल? मी रोज इथेच बसलेला असेन, गळ टाकून."