आत्याची उसण

माझा जन्म पायाकडून झाला. म्हणजे आधी पाय आले, मग बाकीची मी. अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळूचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, हे आमच्या मावळात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे शाळेत असल्यापासून मी लोकांच्या पाठीला पाय लावत आले. शेजारचे काका ओसरीवर पालथे पडायचे, मी भिंत धरून उभी राहायचे आणि हलकीशी लाथ मारायचे. ते "आहाहा" करत उठायचे आणि माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे. पुढे मी शिकले, फिजिओथेरपिस्ट झाले, तळेगावात स्वतःचं छोटं क्लिनिक टाकलं. तरी आजही कुणीतरी दारात उभं राहून म्हणतंच, "ताई, ते व्यायाम-बियाम राहू द्या, तेवढी लाथ मारा." अस्सा संताप येतो! परीक्षा काय मी पायाने दिल्या होत्या?

हे लाथेचं प्रकरण मी क्लिनिकात दाबून ठेवलं होतं. ते बाहेर काढलं माझ्या आत्याने.

झालं असं, की एका डॉक्टरबाईंनी मला त्यांच्या संशोधनात ओढलं. बाई राहणाऱ्या लोणावळ्याच्या, आणि डॉक्टर दुखण्याच्या. म्हणजे कंबरदुखीपासून कॅन्सरच्या कळांपर्यंत, दुखणं कमी कसं करायचं हाच त्यांचा अभ्यास. त्यांना बघायचं होतं, की भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावताना, दिवस दिवस वाकून बायकांच्या कमरेचं जे खोबरं होतं, ते साध्या व्यायामाने किती सुधारतं. पवनानगरच्या पलीकडची गावं निवडली. काही गावांत मी व्यायाम शिकवायचे, काही गावांत नुसतं कसं वाकावं, कसं उचलावं ते सांगायचं, आणि मधूनमधून सगळ्यांना विचारायचं, आता किती दुखतं? त्यासाठी चेहऱ्यांची एक पट्टी होती. एका टोकाला हसरा चेहरा, मग जरा कसनुसा, असं करत करत दुसऱ्या टोकाला ढसाढसा रडणारा. आपल्या दुखण्याचा चेहरा कुठला, त्यावर बोट ठेवायचं.

तर बाया सगळ्या हसऱ्यावर बोट ठेवायच्या! कमरेवर हात दाबून, "आई गं" करत खाली बसायच्या आणि बोट हसऱ्यावर. मी चिडून एकीला विचारलं, "मावशी, मग हे कण्हणं कसलं?" तर म्हणाल्या, "आवो, तुमी पाव्हण्या. पाव्हण्यासमोर रडकं त्वांड दावायचं व्हय?" आता या आदरातिथ्यापुढे संशोधनाने काय करावं?

आत्याचं गाव व्यायामाच्या गावांपैकी. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय सत्तरीपार, अंगाने काटकुळी आणि जिभेने दांडगी. काही वर्षांपूर्वी छातीत कॅन्सरची गाठ निघाली, पुण्याला ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, परत आले. "आदी सरळ व्हते, आता कुरळे आले, फुकटात," असं ती सगळ्यांना डोकं दाखवून सांगायची. गावच्या समाजमंदिरात मी पहिल्यांदा व्यायाम घ्यायला गेले, तर ही दारातच खुर्ची टाकून बसलेली. मी सतरंजीवर बायांना पालथं पडायला लावलं आणि आत्या मोठ्यांदा म्हणाली, "आगं बायांनो, माजी भाची पायाळू हाय! सोडू नगा!"

झालं. त्या दिवसापासून मी ओळींमधून फिरायला लागले की प्रत्येक बाई हळूच माझ्याकडे सरकायची. पाय हवेत उचल म्हटलं की पाय उचलायची आणि अख्खी पाठ माझ्या पावलाशी आणायची. पाय न लागू देता चालायचं म्हणजे चिखलात बांधावरून चालल्यासारखं. आणि पुढे डॉक्टरबाई स्वतः आल्या आणि त्यांनी विचारलं, की तुम्हाला सगळ्यात जास्त आराम कशाने पडला, तर समाजमंदिरात एकमुखी उत्तर आलं, "ताईंच्या पायानं."

बाई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग हसत सुटल्या. गाडीत बसल्यावर मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "अहो, आता व्यायामाने बरं वाटलं की पायाने, ते मी कसं सांगणार? पाय नसलेली कुणीतरी पाठवायला हवी." मग देहूरोडची माझी एक मैत्रीण, तीही फिजिओथेरपिस्ट, माझ्या जागी यायला लागली. बायांनी पहिल्याच दिवशी तिचा जन्म कसा झाला याची चौकशी केली. ती म्हणाली, सिझेरियन. त्यावर आत्या म्हणाली, "म्हंजे ही कुटनंच न्हाई आली!" मैत्रीण बिचारी आजही ते सांगून हसते. व्यायामाचं काय निघालं ते बाई लिहितील. मला सांगायचं आहे ते आत्याचं.

गेल्या वर्षी आवणी उरकल्यावर आत्याची पाठ दुखायला लागली. ती भातखाचरात उतरलीच नव्हती, मुलाने उतरू दिलं नव्हतं, तरी पाठ दुखायला लागली. पुण्याला नेऊन तपासण्या केल्या. छातीचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. शेक दिला, म्हणजे मशिनचा, रेडिएशनचा, त्याने थोडं बरं वाटलं, पण पूर्ण नाही. तिला आडवं होता येईना. पाठ टेकली की कळ उठायची. म्हणून ती भाताच्या पोत्यांना टेकून, उशा लावून, बसल्या बसल्या डोळे मिटायची. आणि येईल त्याला एकच सांगायची, "बाकी काय नगं बाबा. एकदा पाठ टेकवून निजायचंय."

माझ्या आतेभावाने, म्हणजे तिच्या मुलाने, तिला सांगितलं काय, तर उसण भरलीय! आई घाबरेल म्हणून. सुनेनेही तेच सांगितलं, मलाही तेच सांगायला लावलं. मी भांडले, पण शेवटी आई त्यांची. मग काय व्हायचं तेच झालं. उसण म्हटल्यावर आत्याने मला बोलावणं पाठवलं, "पायाळूला म्हनावं, ये. साऱ्या गावाला पाय लावलास, आत्याला लाव."

मी काय करणार? मणका कॅन्सरने पोखरलेला. तिथं पायाचा भार पडला आणि हाड मोडलं म्हणजे? मी आपली उद्यावर ढकलत राहिले. आज पाय मुरगळलाय, आज घाई आहे. आत्या म्हणायची, "व्हय, सरकारी कचेरीच झालीस तू."

डॉक्टरबाई लोणावळ्याहून मुद्दाम तिला बघायला आल्या. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, पोट साफ राहायला वेगळं औषध दिलं, आणि नीट समजावलं: दुखो, न दुखो, घड्याळ बघून घ्यायची. कळ चढायच्या आधीच गोळी पोटात हवी. आम्हाला वाटलं, सुटला प्रश्न. पण आत्याचं दुखणं हललं नाही. बाई फोनवर विचारायच्या, मी पट्टी दाखवायचे, आत्या हसऱ्यावर बोट ठेवायची आणि रात्रभर पोत्यांना टेकून कण्हायची. सून रडकुंडीला आली.

मग एके दिवशी सुनेने पाहुण्यांसाठी म्हणून जुना तांदूळ काढायला डबा उघडला, तर आत पुरचुंडीत गोळ्या! बाईंनी दिलेल्या, बहुतेक सगळ्या. मी त्या हातात घेऊन आत्यासमोर उभी राहिले. माझा आवाज घरभर गेला असेल.

"आत्या, हे काय? खेळ चाललाय का?"

"वरडू नगंस. ठेवल्यात. लय दुखंल तवा घीन."

"आणि आता काय दुखत नाही?"

"आता दुखतंय. पन लय दुखायचं राह्यलंय की."

हे खास आमच्या मावळातलं गणित. चांगला जुना तांदूळ पाहुण्यासाठी राखायचा आणि घरच्यांनी कणी खायची. तिने गोळ्याही तशाच राखल्या होत्या, खरं दुखणं पाहुणं म्हणून येईल तेव्हासाठी. शिवाय गावात कुणाला तरी अगदी अखेरीला या गोळ्या दिल्या होत्या आणि तो माणूस गेला. म्हणून गोळी आली की माणूस जातो, अशी बोलवा. मी सांगून सांगून थकले. माणूस आजाराने गेला गं, गोळीने नाही, गोळीने त्याला निदान सुखाने जाता आलं. पण ऐकेल ती आत्या कसली!

शेवटी म्हणाली, "तू माजं ऐक, मग मी तुजं ऐकते. तू पाय लाव. मी गोळी घेते."

"आधी गोळी."

"आदी पाय."

बाजारात वांग्यांवरून करतात तशी घासाघीस झाली. पुढच्या बुधवारपर्यंत तिने सुनेच्या समोर, घड्याळ बघून गोळी घ्यायची, आणि बुधवारी मी पाय लावायचा. मी बाहेर जाऊन डॉक्टरबाईंना फोन केला आणि जरा लाजतच विचारलं, पाय लावू का? त्या म्हणाल्या, "भार अजिबात टाकू नका. नुसता टेकवा. पीस ठेवल्यासारखा. आणि हो, त्यांचा विश्वास उडेल असं काही बोलू नका."

बुधवारी मी गेले. सुनेने ओटीवर दोन गोधड्या एकावर एक अंथरल्या होत्या. आत्या पोत्यापासून सुटून, कुशीवर आडवी झाली होती. तेवढंही कितीतरी दिवसांनी. गोळ्या लागू पडायला लागल्या होत्या, ते तिच्या तोंडावर दिसत होतं, पण कबूल करेल तर शपथ. "चल, उरक," म्हणाली.

मी पाय धुऊन आले. वडीलधाऱ्या माणसाला पाय लावायचा म्हणून आधी तिच्या पायावर डोकं ठेवलं. मग भिंत धरली आणि उजवं पाऊल तिच्या पाठीवर टेकवलं. नुसतं टेकवलं. लुगड्याखाली मणक्यांची माळ लागत होती, इतकी ती वाळली होती. मला भयंकर भीती वाटत होती, हे खरं सांगते. आत्या मात्र डोळे मिटून शांत पडून होती.

"बास," ती म्हणाली. मग सुनेचा हात धरून हळूहळू वळली, आणि पाठ टेकली. आतेभाऊ दारात उभा. कळ आली नाही. आत्याने छताकडे बघितलं, पाय लांब केले, आणि बघता बघता घोरायला लागली. काय घोरली! आतेभाऊ तोंडावर हात दाबून परसात पळाला. तो हसत होता की रडत होता, मी विचारलं नाही.

उन्हं कलली तेव्हा ती जागी झाली. इकडेतिकडे बघितलं आणि माझ्यावरच ओरडली, "इतकं निजू दिलंस? गोळीची येळ टळली आसंल की!"

टळली नव्हती. सुनेने गोळी दिली, वर पाणी दिलं. सून भांडं ठेवायला आत गेली, आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "बघ, उतरली ना उसण?"

आत्या माझ्याकडे बघून हसली. "उसण तुमची व्हती गं. माजी न्हवं. छाती कापली तवाच मला ठावं व्हतं, हे कदी तरी पाटीत यील. पोरगं उसण म्हनलं, मी म्हनलं, बरं, उसण तर उसण. त्याला तेवडंच बरं वाटंल."

मी म्हटलं, "मग पाय कशाला मागत होतीस?"

"तुज्यासाटी. सारखी यायचीस, ती तोंडाची पट्टी दावायचीस आन् उंबऱ्यात बसून ऱ्हायचीस, हात गळल्यावानी. म्हनलं, हिचा हात चालंना, पाय तरी चालू दे." मग तिने माझी टाच हाताने चाचपली. लहानपणी काटा काढताना चाचपायची तशी. "तुजं त्वांड साऱ्यांनी मागनं बघितलं. पाय पैले मी बघितले. सुईनीला दिवा मीच धरला व्हता. घरात रडारड, पोरगी उलटी आली म्हनून. मी म्हनलं, कशी का यीना, येतीया न्हवं? आन् आलीस का न्हाई सुकरूप? मग मीबी जाईन तशीच. पाठ टेकवून जाईन. तू भिऊ नगंस."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, पन्नाशी उलटलेली बाई, तिच्या गोधडीवर डोकं ठेवून. तिने रडू दिलं. मग माझ्या पिशवीतून चेहऱ्यांची पट्टी ओढून काढली, ढसाढसा रडणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि आत ओरडून म्हणाली, "सूनबाई, हिला हितं लय दुखतंय. चहा टाक, आन् साकर जास्ती घाल."