बारा वर्षं कारलं

माझी नेंदा, म्हणजे बाबांची मोठी बहीण सीलावती, रोज संध्याकाळी बरोब्बर सहा वाजता तोंडाला पावडर लावून फोनसमोर बसते. फोनवर कोण बघतंय तुला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आवाजाला कळतं."

इथे श्रीलंकेत, कुरुनेगलाच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिने सत्तावीस वर्षं काढली. कानाला हेडफोन, हातात वायरी, सगळ्या गावाची भांडणं आणि लग्नं तिच्या बोटांमधून जायची. मग मशीन आलं आणि तिला घरी बसवलं. त्याच वर्षी नेंदाचे मिस्टर गेले. एक्सचेंज आणि नवरा, दोघांनी एकाच वर्षात तिच्याशी बोलणं बंद केलं. नंतर कित्येक महिने ती टीव्हीसमोर बसून मालिकेतल्या सासूशी भांडायची. खरंच भांडायची, बोट नाचवून! बाबा घाबरले आणि तिला आमच्या पन्सलमध्ये, म्हणजे विहारात, घेऊन गेले, लोकू हामुदुरुवोंकडे. हामुदुरुवो म्हणजे आमचे भन्ते, लोकू म्हणजे थोरले. उपदेश वगैरे काही नाही, त्यांनी भिंतीवरचा कागद काढला आणि तिच्या हातात दिला. म्हणाले, "सीलावती, लोक विसरायला लागलेत. तू आठवण करून देशील?"

तो कागद म्हणजे दानाची यादी. महिन्याच्या एकतीस तारखा, एकतीस घरं. ज्याची तारीख त्याने हामुदुरुवोंचं दुपारचं जेवण न्यायचं. आता कुणाची शिफ्ट असते, कुणाच्या पोराची ट्यूशन, कुणाला तर आज कुठला वार हेच माहीत नसतं. आणि बारा वाजायच्या आत जेवण झालं नाही तर हामुदुरुवो दुसऱ्या सकाळपर्यंत उपाशी, आणि कुणाला सांगणारही नाहीत. म्हणून नेंदा आदल्या संध्याकाळी फोन करते. बारा वर्षं झाली, एकही दुपार रिकामी गेलेली नाही. बाकीच्या बायकांना नातवंडं असतात, माझ्या नेंदाला तारखा आहेत.

आणि तिचा फोन म्हणजे काय थाट!

"आयुबोवन. उद्याचं दान आपल्याकडे. भात, डाळ, दोन भाज्या आणि कारलं. हो, कारलं. हामुदुरुवोंना आवडतं. मुलीचा खोकला कसा आहे? आलं द्या. तीन मिनिटं झाली, ठेवते."

तीन मिनिटं झाली की ती ठेवतेच, समोरचा रडत असला तरी. ट्रंक कॉलची सवय.

कारल्याचं पण ऐका. यादी हातात आली त्याच आठवड्यात तिने स्वतः पहिलं दान नेलं होतं, त्यात कारल्याची भाजी. करताना रडत होती, त्यामुळे करपली. हामुदुरुवो जेवले आणि म्हणाले, "सीलावती, आज कारलं अगदी मनापासून केलंयस." झालं! त्या संध्याकाळी तिने एक्सचेंजच्या आवाजात एकतीसच्या एकतीस घरांना कळवलं की लोकू हामुदुरुवोंना कारलं आवडतं. तेव्हापासून आमच्या गावात घराघराच्या मागे कारल्याचे मांडव आहेत.

आता माझा गुन्हा.

मी पेरादेनियाला शिकते, होस्टेलवर राहते, आणि पन्सलमध्ये फक्त परीक्षेच्या आधी जाते. गेल्या महिन्यात सुट्टीला आले होते. तेवीस तारीख, नेंदाची स्वतःची. पांढरे कपडे घालून, डबे घेऊन आम्ही दोघी गेलो. आधी बुद्धांसमोर छोटं ताट ठेवलं, मग हामुदुरुवोंना एकेक भांडं दोन्ही हातांनी द्यायला लागलो. नेंदा माझ्या कोपराला चिमटे काढत होती, नीट धर, नीट धर. मग आम्ही चटईवर बसलो आणि मला काही काम नव्हतं म्हणून मी बघत बसले.

त्यांनी सगळं कारलं ताटाच्या एका कडेला ओढलं, त्याचा एक गोळा केला, श्वास घेतला आणि पहिल्या दोन घासांत संपवून टाकला. मग पाणी. मग खांदे खाली आले आणि हळूहळू, चवीने भोपळा खायला लागले.

अहो, मला ते तोंड माहीत होतं! होस्टेलवर बुधवारी भेंडीचं पाणचट काहीतरी असतं ना, तेव्हा आमच्या टेबलावर सगळ्यांचं अस्संच तोंड असतं. माझ्या डोक्यात आलं आणि तोंडातून गेलं, मध्ये थांबलंच नाही.

"हामुदुरुवने, तुम्हाला कारलं आवडत नाही ना?"

नेंदाच्या हातातला पंखा थांबला. असलं कुणी विचारत नाही. भिक्खूने हे हवं, ते नको म्हणायचं नसतं, मग विचारायचं कशाला! पण खोटंही बोलायचं नसतं. बिचारे दोन्हीच्या मध्ये सापडले. त्यांनी एकदा भोपळ्याकडे बघितलं.

"दुवे, पोरी," ते शेवटी म्हणाले, "जे प्रेमाने येतं ते आम्ही खातो."

"म्हणजे नाही," मी म्हणाले.

ते हसले. कानापर्यंत लाल झाले आणि हसले. नेंदा मात्र हसली नाही.

आम्ही घरी आलो. पाच वाजता तिने चहा केला आणि प्यायला विसरली. सहा वाजले. पावडरचा डबा तिथेच. मी म्हटलं, "नेंदा, सहा."

"मी नाही बसणार."

"अगं, उद्या चोवीस. कुणाची तारीख आहे?"

"बारा वर्षं, हसिनी." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. एका म्हाताऱ्या माणसाला नको ते खाऊ घातलं, आणि वर एकतीस घरांना कामाला लावलं. मी समजत होते पुण्य जमतंय. कोणत्या तोंडाने आता फोन करू? उद्यापासून ही यादी दुसऱ्या कुणीतरी बघावी." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मला रडायलाच आलं. म्हणजे मी एका वाक्यात माझ्या आत्याचं अख्खं आयुष्य बंद पाडलं होतं. आणि उद्या कुणी डबा नेला नाही तर? बारा वर्षांतली पहिली रिकामी दुपार, माझ्यामुळे! मी यादी बघितली. चोवीस, इरेशा. ती आणि तिचा नवरा रुवन, दोघं गारमेंट फॅक्टरीत, वर्षभरापूर्वीच आलेत, समोरच्या चंद्रलता टीचरच्या शेजारी भाड्याने राहतात. मी फोन लावला. थाटात बोलायचं ठरवलं होतं, पण दुसऱ्याच वाक्याला सगळं सांडलं.

"इरेशा अक्का, उद्या तुमचं दान आणि कारलं करू नका, त्यांना ते आवडतच नाही, कधीच आवडत नव्हतं, नेंदा खोलीत बसलीये."

पलीकडून हुंदका.

"अगं, खरंच? मला येतच नाही गं कारलं! रुवन शिफ्टच्या आधी स्टँडजवळच्या हॉटेलातून आणतो, मी माझ्या पातेल्यात ओतते. गेल्या वेळी सीला अँटी म्हणाल्या होत्या, काय सुंदर झालंय, तर मी दोन रात्री झोपले नाही. मग आता काय करू? त्यांना काय आवडतं?"

मला काय माहीत! मी म्हटलं, कळवते, आणि ठेवला.

इरेशाचा फोन भिंतीपलीकडून ऐकून दहा मिनिटांत चंद्रलता टीचर दारात. पाऊस नाही, ऊन नाही, तरी छत्री. या आमच्या समोरच राहतात, पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि नेंदाच्या यादीवर त्यांचा पहिल्यापासून डोळा.

"सीला! बाहेर ये. माझ्या मागच्या अंगणात तीन मांडव आहेत. तीन! टोमॅटो उपटून लावलेत. बारा वर्षं आमच्या ह्यांना सांगतेय, खा, हामुदुरुवो पण खातात."

नेंदा बाहेर आली. डोळे सुजलेले. मला वाटलं आता जुंपणार. तिने भिंतीवरची यादी काढली आणि टीचरच्या हातात ठेवली.

"घे. तुलाच हवी होती."

टीचर एवढ्या गडबडल्या की छत्री पडली. पण यादी सोडली नाही. खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि इरेशाला फोन केला.

"चंद्रलता टीचर बोलतेय. सरळ उभी राहा. उद्या तुझं दान आहे. एक, कारलं नाही. दोन, हॉटेलचं नाही, मला सगळं कळलंय, लाज नाही वाटली? तीन, काय काय करणार ते आत्ता म्हणून दाखव. रडू नकोस. म्हण. अगं म्हण! हॅलो? हॅलो?" टीचरनी फोन कानापासून लांब धरून बघितला. "ठेवला. या मुलींना काही वळण नाही."

"तू तिला रडवलंस," नेंदा म्हणाली.

"ती आधीपासून रडत होती."

"रडणाऱ्या माणसाला एक-दोन-तीन सांगतात का? उठ."

"आत्ताच तर दिलीस!"

"उठ म्हणते ना, चंद्रलता. उद्या साडेअकराला ते ताटासमोर बसतील आणि ही पोरगी घाबरून येणारच नाही."

टीचर उठल्या. नेंदा बसली. पावडर नाही, केस विस्कटलेले. पाचव्या रिंगला फोन उचलला गेला.

"आयुबोवन, इरेशा. सीला अँटी. नाही, मी रागावले नाहीये. ऐक, उद्या तुमच्या घरी काय शिजणार होतं? दानाचं नाही विचारत. तुमच्या दोघांसाठी."

मी कान लावला. इरेशा नाक ओढत म्हणाली, "पाव, अँटी. आणि डाळ. आणि नारळाचं सांबोल. तेवढंच येतं मला. तेच खातो आम्ही रोज."

टीचरनी 'पाव?' असं नुसत्या ओठांनी म्हणून कपाळाला हात लावला. नेंदाने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"तेच आण," ती म्हणाली. "अकराच्या आत. झाकून आण, तिथे कावळे फार आहेत. आणि हे बघ, कारल्याची चूक माझी. ते म्हणाले मनापासून केलंयस, मी ऐकलं आवडलं. तू घाबरू नकोस. आणि रुवनला म्हणावं, सकाळी झोप जरा. हॉटेलात पळू नकोस."

तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती. तिने ठेवलाच नाही. इरेशा सांबोलाच्या चटणीत मिरची किती घालू विचारत होती, ही सांगत होती. शेवटी इरेशानेच ठेवला.

नेंदाने यादी सरळ केली आणि माझ्याकडे बघितलं. "एकतीस घरांना मी चुकीचं सांगितलं. एकतीस घरांना मीच सांगणार. एकेकाला. ज्याच्या घरी जे शिजतं ते न्यायचं, बस." मग टीचरकडे वळली. "तुझी तारीख पहिली. तुझ्यापासून सुरुवात करते. चंद्रलता, चूक झाली माझ्याकडून, ते..."

"थांब, थांब." टीचरनी छत्री उचलली. "तोंडावर काय सांगतेस? बाकीच्या सगळ्यांना फोन आणि मला असंच, दारात? रीतीने फोन कर." आणि तरातरा निघून गेल्या.

आम्ही खिडकीतून बघत होतो. टीचरनी रस्ता ओलांडला, चपला काढल्या, दिवा लावला. नेंदाने नंबर फिरवला. समोरच्या घरात फोन वाजायला लागला, आम्हाला दोन्हीकडून ऐकू येत होता. टीचर फोनच्या शेजारीच उभ्या होत्या, स्पष्ट दिसत होत्या, पदर सारखा करत होत्या. एक रिंग. दोन. चार. सात.

"उचल की गं म्हातारे," नेंदा पुटपुटली आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला हसू आलं.

आठव्या रिंगला टीचरनी उचलला.

"हॅलो? कोण बोलतंय?"