कागदावर न आलेली खूण

"माणसाचा चेहरा बघू नका, त्याची बोट पाण्यात किती बुडालीय ते बघा," असं तात्यांनी पहिल्याच दिवशी नौदलाच्या पोरांना सांगितलं होतं.

चाळीस वर्षं मासेमारी करून गुडघे गेले, तेव्हा त्यांना ही खुर्चीतली नोकरी मिळाली. बंदरातली एक थंडगार खोली, चार पडदे. बाहेर तोफा बसवलेल्या बिनमाणसाच्या बोटी गस्त घालायच्या आणि त्यांच्या कॅमेऱ्याला दिसेल ते पडद्यावर उमटायचं. मासेमारांच्या बोटींतून बंडखोर येऊन जहाजांवर हल्ले करत. कोण मासेमार आणि कोण बंडखोर, एवढं तात्यांनी ओळखायचं. "बोटीवर माणूसच नाही? मग आडवी आली तर शिव्या कुणाला घालायच्या?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा पडद्यापुढची अधिकारी पोरगी तोंडावर हात ठेवून हसली होती.

लेकीला ही नोकरी पसंत नव्हती. तिचा नवरा अजून रोज समुद्रावर जायचा. तात्यांनी तिची समजूत काढली, की मी तिथं बसलोय म्हणूनच आपल्या माणसांच्या केसाला धक्का लागणार नाही. मासेमार ओळखायच्या आठवतील तेवढ्या खुणा त्यांनी नौदलाला लिहून दिल्या. जाळं कुठल्या बाजूला असतं, बर्फाची पेटी कुठं, जाताना बोट हलकी आणि येताना जड. तो कागद भिंतीवर चिकटवला होता.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला धुक्यात एक बोट जहाजांच्या वाटेजवळ दिसली. बिनमाणसाची बोट सरळ तिच्या अंगावर निघाली. तात्या चष्मा पुसत होते. समोरच्या बोटीत एक माणूस उठला आणि त्यानं काहीतरी लांबट वर उचललं.

"नळी आहे. रॉकेट," पोरगी म्हणाली. मागं उभ्या साहेबांनी तोफ डागायचा हुकूम दिला.

तात्यांनी चष्मा चढवला. ते वल्हं होतं. पाण्यात जाळं आहे, वळसा घालून जा, एवढाच त्याचा अर्थ. कुणी अंगावर आलं की मासेमाराचा हात आपोआप वल्ह्याकडे जातो, पापणी मिटावी तसा. ही गोष्ट जन्मात कुणाला सांगावी लागली नव्हती, म्हणून ती लिहायचंही सुचलं नव्हतं. तात्यांचं तोंड उघडलं, तोवर पडदा पांढरा झाला होता.

धूर विरल्यावर पाण्यावर निळी फळकुटं दिसली. एकावर पिवळा पट्टा होता. तो गेल्या महिन्यात सासरा-जावयांनी मिळून ओढला होता. आपला हात थरथरला तिथं तो वाकडा गेला होता, हेही तात्यांना दिसलं.

"नळीच होती ना, तात्या?" पोरीनं विचारलं.

"वल्हं," ते म्हणाले. "आमचे जावई."

मग साहेब म्हणाले, आणि म्हणताना स्वतःच्याच आवाजाला दचकले, "हे तुम्ही लिहून का नाही दिलंत?"

तात्या गुडघ्यांवर हात टेकून उठले. पोरीनं आधाराला हात पुढं केला, तो त्यांना दिसलाच नाही. दार ढकलून ते बाहेर पडले.