तिची सर नाय

आमच्या माहेरी, कन्नडला, एक रीत होती. आपल्या लेकराचं कौतुक आपण करायचं नाही, आणि दुसऱ्यानं केलं तर लगेच त्यावर पाणी ओतायचं. शेजारीण म्हणाली, पोरगी भाकरी छान थापते, की आई म्हणायची, कसलं काय, रोज करपवती. नजर लागू नये म्हणून. नजर कुणाला लागली ते देव जाणे. या रीतीनं मात्र आमच्या घरातली पोरं हिरमुसून गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांत मीही आले. माझा राग आहे या रीतीवर, आणि वयाबरोबर तो वाढतोच आहे.

माझी थोरली बहीण एका जुन्या नटीची भक्त. लग्न होऊन शहरात आली तेव्हा ट्रंकेतून तिचा फोटो घेऊन आली. तो आजही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. नटी वारली त्या दिवशी ताईनं स्वयंपाक केला नाही, भावजींनी हॉटेलातून डबा आणला. ताईला एकच मुलगी, मुंबईला नाटकांत कामं करणारी. त्या नटीवर सिनेमा निघाला आणि नटीचं काम नेमकं माझ्या या भाचीला मिळालं.

सिनेमाची झलक फोनवर आली आणि रिकाम्या लोकांना उद्योग मिळाला. जो तो दोघींचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवू लागला, खाली 'कुठं ती, कुठं ही'. हिचं नाक बसकं, हिचा रंग सावळा, हिचं हसणं उसनं. ज्यांनी त्या नटीचा एक सिनेमा धड बघितला नव्हता, तेसुद्धा तिचे वारसदार झाले. भाचीनं सगळं वाचलं होतं. मला फोनवर म्हणाली, "लोकांचं जाऊ दे मावशी. आईला काय वाटतं तेवढं कळू दे. मी विचारलं तर ती सांगणार नाही."

म्हणून तिनं बेत केला. सिनेमा लागल्यावर पहिल्याच रविवारी ताई भजनी मंडळातल्या बायकांना घेऊन दुपारच्या खेळाला आली. भाची सकाळच्या विमानानं चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरली होती. इथल्या पोरी गाडीवर बसताना तोंडाला ओढणी गुंडाळतात, नुसते डोळे उघडे, तशीच गुंडाळून ती आमच्या मागच्या रांगेत येऊन बसली. कुणी वळून पाहिलं नाही. ते मला एकटीलाच माहीत होतं.

मध्यंतराला दिवे लागले. एक बाई डोळे पुसत ताईला म्हणाली, "पोरीनं जीव ओतलाय बाई. लई गुणाची हाय."

पुढचं मला पाठ होतं.

"कसलं काय," ताई म्हणाली. "डोळे मोठे केले म्हंजी ती झाली का? चालती बघा कशी, ढांगा टाकत. तिची सर नाय हिला."

आईनंच सुरुवात केल्यावर बायकांना कशाची भीड? एकीला आवाज किनरा वाटला. दुसरी म्हणाली, थोडी गोरी तरी करायची व्हती. जिनं जीव ओतलाय म्हटलं होतं तीही म्हणाली, व्हय, चालणं नाय जमलं. आणि मी काय केलं? मागं वळून पाहिलं नाही. पॉपकॉर्नचा पुडा पुढं केला.

दिवे पुन्हा गेले. पडद्यावर नटीची कामं सुटायला लागली तसा ताईनं माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. रडण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून तोंडात पदराचा बोळा धरला होता. बाहेर पडताना पाहिलं तर मागची खुर्ची रिकामी. फोनवर निरोप होता: 'मध्यंतरातच निघाले. आईला सांगू नकोस.'

घरी आल्या आल्या ताईनं मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या काढल्या, लेकीच्या फोटोवरून ओवाळल्या आणि गॅसवर टाकल्या. ठसका आला नाही. "बघ, किती लागली व्हती," ती म्हणाली. मग खुर्चीत बसून म्हणाली, "खरं सांगू? मला वाटलं, तीच उठून आली."

"मग हे तिला सांग ना."

"येडी का तू? आईची नजर सगळ्यात आधी लागती."

मला राहवलं नाही. दिलेला शब्द मोडला आणि सांगून टाकलं, की ती आपल्या मागच्या रांगेत बसली होती.

ताईनं विचारलं, "कुठवर?"

"मध्यंतरापर्यंत."

"म्हंजी मी रडले ते तिनं बघितलंच नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपण होऊन फोन लावला. मी शेजारीच होते. तिचे ओठ दोनदा हलले, आवाज निघाला नाही. मग म्हणाली, "जेवती का वेळेवर?" थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "चालणं सुधार जरा."

फोन ठेवला आणि उठून मिठाची बरणी काढली.